लाल कुणाच्या नावावर

बैठक वरच्या मजल्यावरच्या नमुन्यांच्या खोलीत भरली, कारण कामाचे आकडे दाखवणारा मोठा पडदा तिथेच लावला होता. सुटीचा दिवस, खालची यंत्रं बंद. खुर्च्या मात्र थोरल्या भावाच्या बायकोने, थोरलीने, सकाळीच येऊन मांडून ठेवल्या होत्या. खुर्च्या मांडण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. आई मधोमध, तिच्या उजव्या हाताला थोरला, त्याच्याशेजारी स्वतः थोरली. समोर धाकटा आणि त्याचा मेव्हणा. मधलीची खुर्ची दाराजवळ, म्हणजे उठून जायला सोपी. मला भिंतीकडेची, बुटांचे लाकडी साचे ठेवलेल्या मांडणीला टेकून. मी या घरची लेक. लेकीला घरच्या बैठकीत खुर्ची मिळते, मत मिळत नाही. त्यामुळे बघायला मात्र सगळं नीट मिळतं.

विषय सगळ्यांना ठाऊक होता. मधलीला घरी बसवायचं होतं.

असं कुणी म्हणत नव्हतं अर्थात. धाकटा त्याला विश्रांती म्हणत होता. थोरली म्हणत होती, बिचारीने किती दिवस जिवाची ओढाताण करायची. थोरला काहीच म्हणत नव्हता, म्हणजे त्याचं ठरलेलं होतं. आमचा मधला भाऊ गेला तेव्हापासून माल पाठवणीचं टेबल त्याच्या बायकोने सांभाळलं होतं. तयार बूट तपासायचे, पेट्या भरून घ्यायच्या, ज्याचे त्याला पोचते करायचे. राहती खोली सासूची, नाव गेलेल्या नवऱ्याचं, दागिने कपाटात आणि कपाटाची किल्ली थोरलीकडे. या घरात तिचं म्हणावं असं ते एकच टेबल होतं. ते गेलं की दोन जावांच्या मध्ये बसून भाजी निवडायची, हे तिला कळत होतं आणि त्या दोघींनाही कळत होतं.

आणि हे कुणाच्या मनातून नव्हे, संगणकातल्या सिस्टीममधून निघालं होतं. ही सोय मोठी होती. पूर्वी घरात कुणाचा काटा काढायचा तर निदान चार रात्री झोप लागायची नाही.

वडिलांच्या वेळी कारखाना म्हणजे एक लांब खोली होती. एका टोकाला चामडं कापत, दुसऱ्या टोकाला पेट्या बांधत, आणि दाराशी खुर्ची टाकून वडील बसत. आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं त्यांच्या गुडघ्यांना घासूनच जायचं. सरसाचा वास, हातोड्यांचा ठोका, आणि मध्येच त्यांचा आवाज. एखादी जोडी अडली की ते ओरडत, आणि ते कापणाऱ्यालाही ऐकू जाई, शिवणाऱ्यालाही, पेट्या बांधणाऱ्या मुलांनाही. कोण चुकलं ते ओरडण्यात येत नसे, पण चुकलेल्याला बरोबर कळे. तेही काही सोन्याचे दिवस नव्हते म्हणा. त्या आवाजाने एक कारागीर कायमचा तोतरा झाला असं आमची आई सांगायची. पण बूट मात्र वेळेवर जायचे.

ते गेले आणि मजले चढले. प्रत्येक भावाला एक मजला, प्रत्येक मजल्याला एक दार. थोरला खाली शिवणीत, धाकटा वर ऑफिसात, मधली मागच्या बाजूला गोदामाच्या तोंडाशी. कुणाकडे काय तयार आहे ते दुसऱ्याला कळेना. मग एकदा धाकटा कारखानदारांच्या कुठल्याशा मेळाव्याला जाऊन आला आणि महिनाभर वेगळ्याच भाषेत बोलू लागला. माहिती म्हणजे ताकद. आकडे बोलतात. माणसं खोटं बोलतील, सिस्टीम बोलत नाही. त्याच्या बायकोचा भाऊ अशा सिस्टीम बसवण्याच्या धंद्यातला. तो आठवडाभर बघायला म्हणून आला आणि आमच्याकडेच राहिला, म्हणून कारागिरांनी त्याचं नाव पाहुणे ठेवलं. पुढे तो त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. काही विचारलं की पाहुणे कागदावर चौकोन काढायचे आणि चौकोनांना बाण जोडायचे. एकदा मी त्यांना चहा घेणार का विचारलं, तेव्हाही त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेलेला मी पाहिला आहे.

पण खरं बोलायचं तर पाहुण्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला होता. तयार माल दाराबाहेर पडण्याआधी कुणाकुणाची मंजुरी लागते?

शहाण्या घराने सांगितलं असतं, जो माल तपासतो त्याची. आमच्या घराने वय पाहिलं. थोरला म्हणाला, आईच्या आधी कुणाचं नाव कसं येईल. म्हणून पहिली मंजुरी आईची. तिने बुटाला हात लावून कितीतरी वर्षं झाली होती. मग थोरल्याची, मग धाकट्याची, आणि सगळ्यात शेवटी मधलीची. पाहुण्यांना सांगितलं तसं त्यांनी भरून टाकलं. आईला एक टॅबलेट आणून दिला. तो फुटेल म्हणून थोरलीने आपल्या कपाटात ठेवला, आणि आईच्या नावाने "मंजूर" दाबायचं काम तिच्याकडे आलं. तिला आठवेल तेव्हा ती दाबायची. कधी दुपारी, कधी परवा.

आता उशीर तर होणारच. ज्याच्याकडे माल अडेल त्याचं नाव पडद्यावर लाल व्हायचं. तसाच एक पडदा खाली शिवणीतही होता. पहिल्याच महिन्यात थोरला कुठल्याशा लग्नाला गेला आणि त्याचं नाव तीन दिवस लाल राहिलं. शिवणाऱ्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसून दाखवलं. थोरली त्या रात्री जेवली नाही. कामगारांपुढे घरच्या कर्त्या माणसाचा असा तमाशा, म्हणे. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना बोलावणं गेलं. मोठ्यांच्या नावावर लाल नको, तुम्ही बघा काय ते.

पाहुणे पडले पाहुणे. त्यांनी सवलत केली. थोरल्याकडचा उशीर पडद्यावर त्याच्या नावाने दिसायचाच नाही, तो खालच्या टेबलावर उतरायचा. हे कळल्यावर धाकट्याने विचार केला, मग मीच का? त्यानेही सवलत घेतली. आईच्या बाबतीत तर विचारायचा प्रश्नच नव्हता. छपरावरचं पाणी उताराने यावं तसा घरातला सगळा उशीर ओघळत शेवटच्या टेबलावर यायचा आणि पुढे वाट नाही म्हणून तिथेच साचायचा. मधलीला सवलत हवी का, असं कुणी विचारलं नाही. सवलत असते हेही तिला कुणी सांगितलं नाही. आणि गंमत अशी, की वर्षभरात हे घर स्वतःच विसरून गेलं. आपणच सांगून घालून घेतलेलं खोटं पडद्यावर आकड्यांत उमटलं, की त्यावर विश्वास बसतो. धाकटा तर अगदी मनापासून मानायला लागला होता, की मधल्या वहिनीच्या टेबलावरच गळती आहे.

त्या दुपारी पाहुण्यांनी पडद्यावर तेच दाखवलं. चार उभे खांब. पहिले तीन हिरवेगार, चौथा तळापासून शेंड्यापर्यंत लाल. त्यांनी काठीने चौथ्यावर टकटक केलं आणि सांगितलं, की कारखान्यात उत्पादन उत्तम आहे, हिशेब उत्तम आहे, नेतृत्व तर फारच उत्तम आहे. नेतृत्व म्हणताना त्यांनी आईकडे मान लववली. फक्त माल बाहेर पडत नाही. बूट करून बाहेर न पाडणाऱ्या कारखान्यात बाकीचं उत्तम म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही.

धाकट्याने घसा साफ केला. पाठवणी आपल्या ऑफिसला जोडून घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. गोदामाची मोकळी होणारी जागा थोरल्याला नव्या यंत्रासाठी. हे त्या दोघांनी आदल्या संध्याकाळीच वाटून घेतलं होतं. एरवी एकमेकांच्या दारावरून जाताना मान वळवणारे भाऊ, पण तिसऱ्याचं टेबल मोडायचं म्हटल्यावर कसे छान जवळ आले होते.

"वहिनी, हे मी म्हणत नाहीये," धाकटा म्हणाला. "सिस्टीम म्हणतेय."

"सिस्टीमला माझा एवढा राग का यावा, भावजी? मी तर तिला कधी उलटून बोलले नाही."

थोरलीला हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं.

धाकटा चिडला नाही, समजावणीच्या सुरात गेला. तो सूर त्याला मेळाव्यात लागला होता. त्याने दवाखान्याच्या मालाचा दाखला दिला. परिचारिकांसाठी केलेले पांढरे बूट, बरीच मोठी मागणी, सगळे तयार होऊन खाली लाकडी घोड्यांवर रचलेले. मुदत टळून गेली. दवाखान्याच्या खरेदीवाल्या बाई रोज फोन करतात, आता दुसरीकडे जाऊ म्हणतात. आणि नाव कुणाचं लाल? तो थांबला. काठी पाहुण्यांच्या हातात होती, पण दाखवायची गरज पडली नाही.

मधलीने तेव्हा काय विचार केला ते तिने मला पुढे सांगितलं. त्या बुटांसाठी तिचं नाव पहिल्यांदा लाल झालं, तेव्हा बूट अजून तिच्याकडे आलेच नव्हते. सकाळची वेळ, टेबल पुसून स्वच्छ, समोर एक पेटी नाही, आणि खांब लाल. तिने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाहुण्यांनी चौकोन काढले असते. ती नुसती बघत राहिली, की लाल कधी येतं आणि थोरली कधी माहेरी जाते. दोन्हींचा मेळ बसायला फार दिवस लागले नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "मग मला काढा."

खोलीत सगळ्यांचे खांदे जरा सैल झाले. रडारड होईल म्हणून थोरलीने जवळ रुमाल ठेवला होता, तो तिने परत पर्समध्ये घातला.

"आत्ता काढा. इथेच, पडद्यावर. उद्या काढणारच आहात, तर मी नसताना कारखाना कसा धावतो ते बघून तरी जाईन."

पाहुण्यांना हे फार आवडलं. सिस्टीममध्ये अशी चाचणी करून बघता येते, मागचंच वर्ष एक टेबल वगळून पुन्हा मांडता येतं, हे त्यांना केव्हापासून कुणाला तरी दाखवायचं होतं. त्यांनी भराभर काहीतरी दाबलं. चौथा खांब नाहीसा झाला.

आणि तिसरा लाल झाला. तळापासून शेंड्यापर्यंत, तेवढाच.

खांब धाकट्याचा होता. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग थोरलीला कळलं, आणि तिने खुर्चीत जरा पुढे सरकून तो रंग नीट डोळ्यांत भरून घेतला. तिला आणि धाकट्याच्या बायकोला एकमेकींचं काही गोड लागायचं नाही, हे या घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

"अरे, हे तुझ्याकडेच अडतंय की," थोरला म्हणाला. आदल्या संध्याकाळची मैत्री तेवढ्या एका वाक्यात संपली.

"माझ्याकडे काही अडत नाही, दादा. माझ्याकडे वरून येतं." धाकट्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. सगळ्या मेळाव्यांत तो सांगत आला होता, की आकडे खोटं बोलत नाहीत, आणि आता ते त्याच्याकडे बघून बोलत होते. "मला काढून बघा ना. काढा हो, पाहुणे."

पाहुण्यांनी एकदा थोरल्याकडे पाहिलं. त्यांना आता कळायला लागलं होतं, की आपण कशाला हात घातला. पण चाचणी सुरू केलेली, आणि बहिणीचा नवरा उभा राहून सांगतोय. त्यांनी दाबलं. तिसरा खांब गेला, दुसरा लाल झाला.

थोरल्याच्या नावावर सवलत घेतल्यापासून पहिल्यांदा लाल आलं. वडिलांच्या खुर्चीवर आपण बसलो तो दिवस त्याला आठवला असणार, कारण त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, अगदी वडील ठेवत तसे. पण वडिलांना असं कधी कुणी दाखवलं नव्हतं. थोरलीच मग पुढे झाली. म्हणाली, यांचं काय, हे तर कामाला वाघ आहेत, यांच्याकडेही वरूनच उशिरा येतं. मंजुरी आल्याशिवाय हे हात कसा लावणार? मोठ्यांचा मान नको का राखायला?

"मग दादाला काढून बघू," धाकटा गोड आवाजात म्हणाला.

मी या घरात जन्मले, इथल्या सगळ्या भांडणांना हजर होते. आईबापांच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय हे लोक गावाला जात नाहीत. पण त्या दुपारी एकाही पोराने थांब म्हटलं नाही. थोरल्याने नुसती मान हलवली, हो अशी. दुसरा खांब गेला.

पडद्यावर एकच खांब राहिला. लालभडक. त्याच्याखाली आईचं नाव.

पाहुण्यांनी काठी टेबलाखाली ठेवून दिली. आईला अलीकडे कमी दिसतं अशी सगळ्यांची समजूत होती, आणि ती समजूत आईने कधी मोडली नव्हती, कारण तिची सोय व्हायची.

"माझा रंग कोणता आहे गं?" तिने थोरलीला विचारलं.

"हिरवा आहे, आई."

"मला लाल दिसतोय." आई म्हणाली. "वर्षभर माझ्या नावाने कोण काय दाबतंय, हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, त्या पाटीवर नातवंडं चित्रं बघतात."

थोरलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. धाकट्याने छताकडे पाहिलं. आता सरळ बोलायचं तर एकच वाक्य बोलायचं होतं, की दवाखान्याचे बूट एका कपाटात अडकले आहेत आणि कपाट थोरलीचं आहे. मधली ते बोलू शकली असती. तिचा जबडा हललेला मी पाहिला. पण ती गप्प राहिली. आणि ती गप्प राहिली हेच बरं झालं, कारण या घरात खरं बोलणाऱ्याचं काय होतं ते मला विचारा.

शेवटी थोरला बोलला. कर्ता माणूस तो, मार्ग काढणं त्याचं काम.

"मला एक सांगा, पाहुणे. लाल हवाच कशाला?"

पाहुण्यांना समजलं नाही.

"म्हणजे रंगच असा का ठेवायचा, की माणसाला माणसात दोष दिसावा? घर आहे हे. सगळे जीव तोडून काम करतात. हिरवा चांगला आहे. सगळ्यांचाच हिरवा करा."

त्यावर जी सुटका खोलीभर पसरली तिला तोड नाही. धाकटा म्हणाला, दादा मुळात योग्य बोलला, अलीकडे सकारात्मक वातावरणाला फार महत्त्व आहे. थोरली म्हणाली, मी तर पहिल्यापासून म्हणत होते. ज्या भावांनी अर्ध्या तासात एकमेकांना पडद्यावरून पुसून टाकलं होतं, ते आता एकाच बाजूला होते. आणि पाहुण्यांनी मान डोलावून पुन्हा बसून सगळं परत घातलं, चारही खांब, चारही हिरवे. मधलीचा घालताना त्यांनी विचारणाऱ्या नजरेने थोरल्याकडे पाहिलं.

"घाला, घाला," थोरला मोठ्या मनाने म्हणाला. "तिचंही हिरवं. घरी बसण्याचा विषय आता कशाला? दोषच कुणाचा नाही, तर बसायचं कुणी?"

मधली उठली. तिला आपलं टेबल मिळालं होतं. आभार मानेल म्हणून थोरला थांबला होता.

"मग मी खाली जाते," ती म्हणाली. "दवाखान्याचे बूट आजच काढते. गाडीवाला घरी असेल, त्याला बोलावते."

"पण मंजुरी?" थोरल्याने विचारलं.

तिने पडद्याकडे बोट केलं. "आईंची हिरवी आहे. तुमची हिरवी आहे. धाकट्या भावजींचीही हिरवी आहे. आता मी कुणासाठी थांबू, भावजी?"

थोरल्याने तोंड उघडलं. थांब म्हणायचं तर मंजुरी आलेली नाही असं म्हणावं लागत होतं, आणि मंजुरी आलेली नाही म्हणायचं तर लाल परत आणावा लागत होता. त्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने पाहुण्यांकडे. पाहुणे पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या सगळ्या चौकोनांत आणि बाणांत याचं उत्तर नव्हतं.

"जाऊ दे तिला," आई म्हणाली. "माझी मंजुरी आहे."

जिन्यावर मधलीची पावलं वाजत गेली, मग गोदामाचं दार सरकल्याचा आवाज आला. वर चहा सांगितला गेला. नेतृत्वावर थोडं बोलणं झालं.

त्यानंतर आमच्याकडे माल वेळेवर जाऊ लागला. बूट तयार झाले की मधली ते तपासायची आणि बाहेर काढायची. वरच्या खांबांना ती पुन्हा कधी विचारायला गेली नाही. थोरली सावकाश दाबायची, थोरला तिच्यानंतर दाबायचा, धाकटा त्याच्यानंतर, आणि त्यांचं दाबून होईपर्यंत बूट परिचारिकांच्या पायांत असायचे. हे सिस्टीममुळे झालं असं सगळ्यांचं मत पडलं. धाकट्याने मेळाव्यात त्यावर भाषण दिलं. पाहुणे आजही दुसऱ्या कारखान्यांना आमचे चार हिरवे खांब दाखवतात, आणि लोक ते विकत घेतात.

आई गेली त्या वर्षी तिची मंजुरी काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सुतक संपून कितीतरी दिवस झाले, तरी पहिला खांब रोज सकाळी हिरवा उगवायचा. शेवटी धाकट्याला कसंतरी वाटलं. तो खाली गोदामापाशी आला आणि मधलीला म्हणाला, की आईचं नाव आता काढून टाकावं का.

मधली पेटीला पट्टी लावत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू द्या, भावजी. या घरात वेळेवर मंजुरी देणारं तेवढं एकच माणूस आहे."